बोटभर चित्रातला मुत्सद्दी

1806 साली पाव्हेल इवानोव्ह या रशियन चित्रकाराने मिखाईल मिखाईलोविच स्पेरान्स्की याचं लघुचित्र केलं. स्पेरान्स्की तेव्हा चौतीस वर्षांचा होता. सेंट पीटर्सबर्गच्या गृहमंत्रालयात एका विभागाचा कारभार तो बघत होता आणि राजधानीतल्या एकाही सरदार घराण्याशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. त्याच वर्षी त्याचे मंत्री कोचुबेय आजारी पडले. सम्राटापुढे कागद वाचायला त्यांनी स्वतःऐवजी या माणसाला पाठवायला सुरुवात केली. अलेक्झांडर पहिला अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, सुधारणांची हौस असलेला आणि गोंधळलेल्या टिपणांना कंटाळलेला. समोर आलेला माणूस मोजकं बोलत होता आणि त्याने लिहिलेल्या प्रत्येक कागदाला आरंभ, मध्य, शेवट होता. पुढची सहा वर्षं रशियन साम्राज्याचा कारभार ज्या मसुद्यांवर हलला, त्यांतले बहुतेक या माणसाच्या हातचे आहेत. इवानोव्हचं चित्र त्या सहा वर्षांच्या उंबरठ्यावरचं आहे, म्हणून मला ते स्पेरान्स्कीच्या पुढच्या मोठ्या, पदकांनी भरलेल्या तैलचित्रांपेक्षा अधिक मोलाचं वाटतं.

असं चित्र करणं किती कष्टाचं होतं ते सांगायला हवं. त्या काळी लघुचित्रासाठी हस्तिदंताची चकती घेत, एक मिलिमीटरपेक्षाही पातळ कापलेली. तिच्यातलं तेल काढायचं, उन्हात ठेवून ती पांढरी करायची, मग प्यूमिस दगडाच्या पुडीने घासून तिची चकाकी मारायची. कारण गुळगुळीत दातावर पाण्याचा रंग धरत नाही, ओघळतो. रंगात डिंक मिसळलेला. कुंचला खारीच्या केसांचा, हातात भिंग. चेहरा ठिपक्याठिपक्याने आणि केसासारख्या बारीक रेघांनी उभा करायचा. गाल आणि कपाळ यांच्यावर रंग जवळजवळ लावायचाच नाही, कारण दाताचा मूळचा पिवळसर उजळपणाच कातडीचं काम करतो. चूक झाली तर ओल्या कुंचल्याने टिपून काढता येते, पण तेवढ्यात शेजारचे ठिपकेही विरघळतात. समकालीनांनी स्पेरान्स्कीच्या दुधट गोऱ्या वर्णाची आणि भव्य कपाळाची आठवण नोंदवली आहे. पुढे टॉलस्टॉयनेही ‘युद्ध आणि शांती’मध्ये त्याला आणलं, तेव्हा त्याच्या पांढऱ्या, मऊ हातांवर वाचकाची नजर खिळवून ठेवली. असा वर्ण हस्तिदंतावरच्या चित्रकाराला मानवणाराच.

पण रशियाच्या दरबारात लघुचित्र ही केवळ आठवणीची वस्तू नव्हती. पीटर द ग्रेटच्या काळापासून तिला राज्यकारभारात जागा होती. पीटरने स्वतःचा चेहरा तांब्याच्या पत्र्यावर मिन्यात करवून घेतला. रंगाचा एकेक थर भट्टीत पुन्हापुन्हा भाजून पक्का केलेलं हे काम ग्रिगोरी मुसिकिस्की आणि आंद्रेई ओव्सोव्ह यांनी रशियात रुजवलं. त्या चित्राभोवती हिरे जडवून पीटर ते मर्जीतल्या सेनापतींना आणि मंत्र्यांना देई. मानकऱ्याने ते छातीवर धारण करायचं. दरबारात शिरताना माणसाचा चेहरा बघण्याआधी लोक त्याच्या छातीवरचा सम्राटाचा चेहरा बघत. कॅथरीन दुसरीचं असं हिरेजडित चित्र तिच्या मर्जीतल्या पोत्योमकिनच्या अंगावर त्याच्या चित्रांत आपल्याला दिसतं. याखेरीज तपकिरीच्या सोन्याच्या डब्या असत, ज्यांच्या झाकणावर सम्राटाचं लघुचित्र बसवलेलं असे. त्या वकिलातींत, तहांच्या वेळी, निरोपाच्या वेळी दिल्या जात.

मॉस्कोच्या क्रेमलिनमधल्या हिऱ्यांच्या संग्रहात एक सोन्याचं कंकण आहे. त्यात अलेक्झांडर पहिल्याचं लघुचित्र बसवलेलं आहे आणि त्या चित्रावर काचेऐवजी सुमारे 25 कॅरटचा सपाट हिरा आहे, जगातल्या अशा सर्वांत मोठ्या हिऱ्यांपैकी एक. तो हिरा आपल्याकडचा, भारतातला. दख्खनच्या खाणींची कीर्ती तेव्हा जगभर होती. सम्राटाच्या चेहऱ्यावर धूळ बसू नये म्हणून हिंदुस्थानचा हिरा तासायचा, यावरून त्या चेहऱ्याची किंमत समजते. राज्य म्हणजे तो चेहरा. तो प्रसन्न असेल तर माणसाला गावं, पदव्या, हिरे. आणि फिरला तर रात्रीतून बर्फाळ रस्ता. आपल्या जुन्या कागदपत्रांत मर्जी आणि इतराजी हे दोन शब्द पानोपानी येतात. पीटर्सबर्गचा कारभारही याच दोन टोकांत चालत होता. स्पेरान्स्कीने आयुष्यभर एकच गोष्ट करू पाहिली: या मर्जीच्या जागी लिहिलेला कायदा बसवायचा. आणि ती करायला त्याच्याकडे मर्जीखेरीज दुसरं साधन नव्हतं.

त्याचा जन्म जानेवारी 1772चा, व्लादिमीर प्रांतातल्या चेरकुतिनो गावचा. बाप खेड्यातल्या चर्चचा पाद्री. घराला आडनावसुद्धा नव्हतं, ते धर्मविद्यालयात दाखल करताना मिळालं. व्लादिमीरहून तो पीटर्सबर्गच्या अलेक्झांडर नेव्हस्की मठाच्या धर्मविद्यालयात आला, आणि शिकून तिथेच गणित, भौतिकी, वक्तृत्व आणि तत्त्वज्ञान शिकवू लागला. प्रिन्स अलेक्सेई कुराकिनला चिटणीस हवा होता. चाचणी म्हणून त्याने या तरुणाला एका संध्याकाळी अनेक पत्रांचे विषय सांगितले. सकाळी सहाला सगळी पत्रं तयार होती, अशी त्याची गोष्ट सांगतात. 1797 साली तो सरकारी नोकरीत शिरला आणि ज्या हुद्द्यांना इतरांना पंधरा-वीस वर्षं लागत, ते त्याने चार-साडेचार वर्षांत गाठले. याच काळात त्याने एलिझाबेथ स्टीफन्स या इंग्रज मुलीशी लग्न केलं. मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात, 1799 साली, ती क्षयाने गेली. स्पेरान्स्की पुन्हा लग्नाच्या वाटेला गेला नाही. मुलगी आणि कागद, एवढंच त्याचं घर.

1808च्या शरद ऋतूत अलेक्झांडर नेपोलियनला भेटायला एर्फुर्टला गेला, तेव्हा स्पेरान्स्की बरोबर होता. नेपोलियनने त्याच्याशी बराच वेळ बोलून, एखादं राज्य देऊन हा माणूस आपल्याला मिळेल का, असं अलेक्झांडरला विचारल्याची आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, परतताना स्पेरान्स्कीजवळ नेपोलियनने दिलेली हिरेजडित तपकिरीची डबी होती, आणि तिच्यावर नेपोलियनचं लघुचित्र होतं, असं त्याच्या चरित्रात नोंदलेलं आहे. साडेतीन वर्षांनी याच एर्फुर्टची आठवण काढून लोक त्याला फ्रान्सचा हस्तक म्हणणार होते.

1809 साली त्याने सम्राटाच्या हुकमावरून राज्यरचनेचा संपूर्ण आराखडा लिहिला. राज्य तीन शाखांचं: कायदा करणारी, अंमल करणारी, न्याय देणारी. तालुक्यापासून वर चढत जाणाऱ्या निवडलेल्या सभा आणि शिखरावर राज्य दूमा. दूमाच्या संमतीखेरीज नवा कायदा नाही. भूदासांना त्याने मताचा अधिकार दिला नाही. तेवढं धाडस तेव्हा कुणाही मंत्र्याने केलं नसतं आणि केलं असतं तर कागद पहिल्याच दिवशी शेगडीत गेला असता. पण त्या आराखड्यात एक तत्त्व आहे ज्याकडे मी पुन्हापुन्हा परततो: न्यायालयाच्या निवाड्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये. ज्या देशात पीटर, अ‍ॅना, एलिझाबेथ, पाव्हेल यांनी मंत्र्यांना एका शब्दावर सायबेरियाला धाडलं होतं, त्या देशाच्या सम्राटासमोर हे वाक्य ठेवणं सोपं नव्हतं.

या आराखड्यातून प्रत्यक्षात आलं ते थोडंच. 1 जानेवारी 1810ला राज्य परिषद उघडली, स्पेरान्स्की तिचा राज्यसचिव झाला. दूमा कागदावरच राहिली. पण सरदारवर्गाला डिवचायला इतर हुकूम पुरेसे होते. 3 एप्रिल 1809च्या फर्मानाने दरबारी किताब असलेल्या तरुणांचा आपोआप मिळणारा हुद्दा काढून घेतला; आता त्यांना खरी नोकरी पत्करावी लागणार होती. 6 ऑगस्टच्या फर्मानाने आठव्या दर्जाच्या हुद्द्यासाठी परीक्षा किंवा विद्यापीठाचं प्रमाणपत्र सक्तीचं झालं. हा आठवा दर्जा म्हणजे वंशपरंपरागत सरदारकीचं दार. पन्नाशीतले कारकून, ज्यांचे केस दप्तरात पिकले होते, त्यांना आता गणित आणि परकी भाषा यांत परीक्षा द्यायची होती. घरोघरी एका पाद्रीपुत्राच्या नावाने बोटं मोडली जाऊ लागली. त्यात तिजोरी रिकामी: 1810च्या सुमारास जमा साडेबारा कोटी रूबल आणि खर्च 23 कोटी. कागदी नोटा छापून भागवायचं स्पेरान्स्कीने नाकारलं, कर वाढवले, आणि शेवटी जमीनदारांच्या उत्पन्नावरही कर बसवला. इतिहासकार करामझिनने 1811 साली सम्राटाला दिलेल्या निवेदनात या सगळ्या सुधारणांवर कडाडून टीका केली. स्पेरान्स्कीचं नाव घेण्याची गरज नव्हती.

अलेक्झांडरपुढे तेव्हा एकच प्रश्न होता, नेपोलियनचा. युद्ध अटळ दिसत होतं आणि युद्धासाठी सरदारवर्ग लागणार होता: त्यांचे मुलगे अधिकारी म्हणून, त्यांचे भूदास सैनिक म्हणून, त्यांचा पैसा कर्ज म्हणून. फिनलंडकडून आलेला मुत्सद्दी आर्मफेल्ट आणि पोलीसमंत्री बालाशोव्ह यांनी कान भरण्याचं काम केलं. सचिव सम्राटाबद्दल खासगीत काय बोलतो, हे त्यांनी सम्राटापर्यंत पोचवलं. ते बोलणं अगदीच खोटं नव्हतं. अलेक्झांडरच्या धरसोडपणाबद्दल स्पेरान्स्की मोकळेपणाने बोलत असे. पण त्याला देशद्रोह म्हणण्यासारखं काही नव्हतं, आणि अलेक्झांडरला ते ठाऊक होतं.

जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे 17 मार्च 1812, रविवार. स्पेरान्स्की एका स्नेह्यांकडे जेवायला गेला होता. तिथे राजवाड्यावरून जासूद आला: रात्री आठला हजर व्हावं. अशा बोलावण्यात नवल नव्हतं, तो घरी जाऊन कागद घेऊन गेला. बाहेरच्या दालनात दुसरे मंत्री थांबले होते. दोन तास गेले. दार उघडलं तेव्हा स्पेरान्स्कीचे डोळे लाल होते. तो मेजाशी गेला आणि पाठ वळवून कागद पिशवीत भरू लागला; हात इतके थरथरत होते की कागदांऐवजी तो हॅट कोंबत होता. तो खुर्चीवर कोसळला, कुणीतरी पाणी आणायला धावलं. तेवढ्यात आतलं दार अर्धवट उघडून सम्राट उंबऱ्यात आला, त्याला पुन्हा एकदा निरोप दिला आणि आत गेला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या दिवशी त्याने प्रिन्स गोलित्सिनला सांगितलं की काल माझ्यापासून स्पेरान्स्कीला हिरावून घेतलं, तो माझा उजवा हात होता. हिरावून घेणारा दुसरा कुणी नव्हता.

स्पेरान्स्की तिथून मित्र माग्नित्स्कीच्या घरी गेला; त्याला आधीच वोलोग्दाकडे रवाना केलं होतं. स्वतःच्या घरी आला तर बालाशोव्ह बसलेला, दाराशी पोलिसांची गाडी. कपाटांना मोहरा लागल्या. काही कागद त्याने पाकिटात घालून सम्राटाच्या नावाने बंद केले. बारा वर्षांची मुलगी आत झोपली होती. तिला उठवलं नाही. खोलीच्या दारावर क्रुसाची खूण करून आशीर्वाद दिला, सासूबाईंसाठी चिठ्ठी ठेवली, आणि त्याच रात्री निझ्नी नोव्गोरोदच्या वाटेला लागला. आरोपपत्र नाही, सुनावणी नाही, निवाडा नाही. न्यायालयाशिवाय शिक्षा नको, असं लिहून त्याला तीन वर्षंही झाली नव्हती.

सप्टेंबरात, मॉस्को नेपोलियनच्या हाती पडलं असताना, निझ्नीच्या बिशपकडे जेवताना काढलेल्या एका उद्‍गारावरून त्याला आणखी दूर, उरालच्या पायथ्याशी पेर्म इथे हलवलं. हातात पैसा नव्हता. सम्राटाने पूर्वी दिलेली पदकं आणि भेटवस्तू त्याने गहाण टाकल्या. सम्राटाच्या छायेत मिळालेल्या हिऱ्यांचा हा एकच उपयोग आता उरला होता. जानेवारी 1813मध्ये त्याने पेर्महून अलेक्झांडरला लांबलचक पत्र लिहिलं: जो आराखडा माझा गुन्हा ठरवला जातोय, त्याची मूळ कल्पना आपली होती, मी फक्त लिहिली. या पत्रात गयावया फार नाही, आणि रागही नाही. हिशेब आहे. याच काळात तो केम्पिसच्या थॉमसचा भक्तिग्रंथ रशियनमध्ये उतरवत बसला होता.

1814 साली त्याला नोव्गोरोदजवळच्या आपल्या वेलिकोपोल्ये या मिळकतीवर राहण्याची परवानगी मिळाली, 1816 साली पेन्झाचं गव्हर्नरपद आणि 1819 साली सायबेरियाचं गव्हर्नर-जनरलपद. सायबेरियाचा आधीचा गव्हर्नर-जनरल पेस्तेल पीटर्सबर्गमध्ये राहूनच कारभार बघत असे आणि तिकडे अंमलदार मोकाट होते. निझ्नेउदिन्स्कचा लोस्कुतोव्ह त्यातला सर्वांत क्रूर. स्पेरान्स्की त्या जिल्ह्यात शिरला तेव्हा दोन म्हातारे रस्त्यावर गुडघे टेकून, डोक्यावर अर्ज धरून थांबलेले दिसले. अर्ज मोठ्याने वाचायला घेतला, आणि त्यांची नजर स्पेरान्स्कीच्या शेजारी उभ्या असलेल्या लोस्कुतोव्हवर गेली. ते भीतीने गळाठले. बाहेरून आलेला साहेब परत जाईल, हा इथेच राहील, हे त्यांना कळत होतं. स्पेरान्स्कीने लोस्कुतोव्हला तिथल्या तिथे अटक करवली. तपासात शेकडो अंमलदार गुंतलेले निघाले. 1822 साली सायबेरियासाठी नवे कायदे आले, पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, तिथल्या मूळ जमातींसाठी वेगळी नियमावली झाली. मला त्याच्या सगळ्या कामांत हे काम सर्वांत निर्मळ वाटतं. इथे कायद्याची गरज कुणाला होती, ते डोक्यावर अर्ज घेऊन समोर बसलं होतं.

1826 मात्र कठीण आहे. अलेक्झांडर गेल्यावर, डिसेंबर 1825मध्ये राजधानीतल्या सेनेट चौकात लष्करी अधिकाऱ्यांचा उठाव झाला. उठाव करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे हंगामी सरकार होतं त्यात स्पेरान्स्कीचं नाव होतं. त्याचा एकेकाळचा सहकारी बातेन्कोव्ह कटात होता. नवा सम्राट निकोलस पहिला याला हे कळल्यावर त्याने स्पेरान्स्कीला पकडलं नाही. त्याला त्या माणसांचा निवाडा करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयात बसवलं. आरोपींच्या गुन्ह्यांची वर्गवारी करायचं किचकट काम स्पेरान्स्कीने केलं: अकरा वर्ग, आणि त्यांच्या वर पाच जण. आरोपींची बाजू न्यायालयाने ऐकली नाही. त्यांना हजर केलं ते शिक्षा सांगायला. न्यायालयाने छत्तीस जणांना मृत्युदंड सुनावला. निकोलसने तो बहुतेकांचा कमी केला, आणि 13 जुलै 1826ला पाच जणांना फाशी झाली. त्या महिन्यांत वडिलांच्या डोळ्यांत पाणी पाहिल्याचं मुलीने पुढे सांगितलं आहे. ज्याने निवाड्याशिवाय शिक्षा नको असं लिहिलं, त्यानेच सुनावणीविना दिलेल्या शिक्षांचा तक्ता आखला. यावर पांघरूण घालायचं मला कारण दिसत नाही. नकार दिला असता तर कदाचित तोच आरोपी झाला असता, हेही विसरता येत नाही.

त्यानंतर निकोलसने त्याला त्याचं आवडतं काम दिलं. 1649च्या संहितेनंतर रशियात कायदे एकत्र केलेलेच नव्हते. हुकूम वेगवेगळ्या खात्यांच्या दप्तरांत पडलेले, एकमेकांना छेदणारे. न्यायाधीशाला सोयीचा हुकूम काढता येई आणि गरीब पक्षकाराला त्याचा प्रतिवाद करायला दुसरा हुकूम सापडत नसे. स्पेरान्स्कीने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते खणून काढले. 1830 साली संपूर्ण संग्रहाचे 45 खंड छापून झाले, त्यात तीस हजारांहून अधिक कायदे. त्यातून चालू कायदे वेचून, विषयवार लावून, 15 खंडांची संहिता 1832 साली तयार झाली. पुस्तकं हातात आल्यामुळे खालच्या कचेरीतल्या माणसालाही कायदा दाखवून भांडता येऊ लागलं. 19 जानेवारी 1833ला राज्य परिषदेत संहिता मांडली गेली तेव्हा निकोलसने आपल्या छातीवरचं सेंट अँड्र्यूचं तारा-पदक काढून स्पेरान्स्कीच्या छातीवर लावलं. हा प्रसंग निकोलसच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर ब्राँझमध्ये आहे. 1 जानेवारी 1839ला त्याला काउंट केलं, आणि 11 फेब्रुवारीला तो गेला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये दागेरचं छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं, आणि थोड्याच वर्षांत हस्तिदंतावर ठिपके मांडणाऱ्यांचा धंदा बसला.

त्या 15 खंडांच्या अगदी पहिल्या कलमात लिहिलेलं होतं की रशियाचा सम्राट एकसत्ताक आणि अमर्याद सत्ताधीश आहे, आणि त्याची आज्ञा पाळणं ही ईश्वराचीच आज्ञा आहे. स्पेरान्स्कीला जे आहे ते नोंदवायला सांगितलं होतं, आणि त्याने ते प्रामाणिकपणे नोंदवलं. 1906च्या एप्रिलमध्ये, क्रांतीने हादरलेल्या निकोलस दुसऱ्याच्या मंत्र्यांनी हे कलम पुन्हा पुढ्यात घेतलं. बरीच घासाघीस होऊन ‘अमर्याद’ हा शब्द वगळला गेला, ‘एकसत्ताक’ राहिला. 27 एप्रिलला पहिली राज्य दूमा भरली. सम्राटाने 8 जुलैला ती बरखास्त केली.